कै. कांता

रविवारी सकाळी नळावर कालिंदीनं तिला सांगितलं की ती मेली आहे. कालिंदी पलीकडच्या खोलीतली, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायला जायची, आणि रांगेत उभी राहूनसुद्धा वर्तमानपत्र वाचायची. "कांतामावशी, तुमच्याबद्दल आलंय हो," ती म्हणाली, आणि मग ओशाळून, "पण नावाच्या आधी कै. पडलंय. चुकून असणार." कांतानं घागर सरकवली नाही. पाणी काठावरून वाहू लागलं आणि मागची बाई ओरडली. "कै. म्हणजे?" तिनं विचारलं. अर्थ तिला ठाऊक होता. कालिंदीच्या तोंडून तो कसा निघतो ते तिला बघायचं होतं. "कैलासवासी," कालिंदी हळू म्हणाली, जणू मोठ्यानं म्हटलं तर ते खरं होईल. मग तिनं तिथंच वाचून दाखवलं. जुन्या हास्यपटांचे नामवंत विनोदी नट कुशाबा दर रविवारी आठवणी लिहीत होते, आणि ह्या रविवारी त्यांना कांता आठवली होती. 'कै. कांता ही गिरणगावातली अडाणी पोर. तिला हाताला धरून मी पडायला शिकवलं. माझी चपराक बसली की ती अशी पडे की थिएटर डोक्यावर घेतलं जाई. तशी पडणारी बाई पुन्हा झाली नाही.' "किती छान लिहिलंय पण," कालिंदी म्हणाली. नळावरच्या बायका तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्यातल्या निम्म्यांना ही परळच्या प्रसूतिगृहातली आया कधी सिनेमात होती हेच माहीत नव्हतं, आणि उरलेल्यांना ते माहीत असून बरं वाटत नव्हतं. एकीनं तर तिच्या पायांकडे पाहिलं. कांताला तिचा राग आला नाही. राग यायला समोरचं माणूस थोडं तरी मोठं लागतं. तिनं घागर कमरेवर घेतली आणि म्हणाली, "मेलेल्या बाईला पाणी भरायला लागतंय बघा."

त्या बायका हसल्या. हसताना त्यांच्या हिरड्या दिसल्या. लोकांना हसवून तिनं आयुष्याची चांगली वर्षं काढली होती, आणि त्या वर्षांत हसणाऱ्या माणसाबद्दल तिचं जे मत झालं होतं ते पुढं कधी बदललं नाही. बाई पडली की माणसं हसतात. पिठात पडली तर जास्त, चिखलात पडली तर त्याहून जास्त, आणि उठता उठता पुन्हा पडली तर खुर्च्या बडवतात. दादरच्या फिल्म कंपनीच्या मालकाला हे ज्ञान झालं होतं आणि त्याच्या जोरावर त्यानं बंगला बांधला. तो तिला 'आमची कांता' म्हणायचा, आणि पाहुण्यांशी ओळख करून द्यायची वेळ आली की तिला चहा आणायला पाठवायचा. पाहुणे म्हणजे रंगाचे व्यापारी, कापडाचे दलाल. तेही पडद्यावर ती पडली की हसत, आणि समोर आली की तिच्या जाड दंडांकडे बघत. तिला त्या सगळ्यांची किळस होती. किळस हा एकच दागिना तिनं कधी गहाण टाकला नव्हता.

दिवसभर तिला वाटत राहिलं की आपल्याला त्या एका अक्षराचं वाईट वाटतंय. काहीतरी छातीच्या खाली, डावीकडे, लुगड्याच्या गाठीसारखं घट्ट बसलं होतं. प्रसूतिगृहात संध्याकाळच्या पाळीला ती गेली, चादरी काढल्या, एका बाळंतिणीला उठवून बसवलं, आणि ती बाई वेदनेनं तिच्या खांद्याला चावली तरी तिला काही वाटलं नाही. मरणाचं तिला काय? तिच्या वयाच्या किती नट्या खरंच मेल्या होत्या, आणि त्यांच्या नावाआधी कुणी कै. लिहायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते. तरी सोमवारी पाळी नव्हती म्हणून ती ट्राममध्ये बसली आणि गिरगावात त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. गोळीबाराला पंधरवडा झाला होता. दुकानांच्या फुटलेल्या काचांना फळ्या ठोकल्या होत्या, भिंतीभिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' होतं, आणि एका कोपऱ्यावर रस्त्यात दगडांची चौकट करून आत फुलं वाहिलेली होती. तिथून जाताना ट्राममधली माणसं गप्प झाली. कांताही गप्प झाली. त्या जागेवर कोण पडलं होतं तिला माहीत नव्हतं, पण तो पडला तेव्हा कुणी हसलं नसणार, एवढं तिच्या मनात आलं, आणि असलं काहीतरी आपल्या मनात यावं याची तिला लाज वाटली.

कचेरीत एक उपसंपादक टेबलावर कोपर टेकून लिहीत होता. बाहीला शाई, डोळ्यांखाली काळं. तिनं काय ते सांगितलं. त्यानं मान वर न करता ऐकलं, मग वर केली. "बाई," तो म्हणाला, "इथं मेलेल्यांची नावं पुरी होत नाहीत. आणि तुम्ही जिवंत आहात म्हणून तक्रार घेऊन आलात?" आसपासचे दोघे हसले. तो हसला नसता तर तिनं त्याला मानलं असतं. पण आपलं वाक्य चांगलं जमलं हे त्याच्या लक्षात आलं आणि तोही थोडा हसला. "तक्रार नाही," ती म्हणाली. "खरं काय ते सांगते." "लेख कुशाबांचा. मोठा माणूस. त्यांनी सांगितलं तर दुरुस्ती छापू. त्यांना भेटा की. तुम्ही बरोबर काम केलंत ना?" बरोबर. तो शब्द ऐकून ती जिना उतरली, आणि अर्ध्या जिन्यावर तिला कळलं की ती गाठ कशाची होती. कै.ची नव्हतीच. ती 'शिकवलं' ह्या शब्दाची होती.

तिला पडायला तिच्या आईनं शिकवलं होतं. जाईबाईनं. लालबागच्या एका खोलीत, जिथं कोकणातून आलेली आठ माणसं झोपत आणि त्यातलं एक दारू पिऊन येई. बाप वाईट नव्हता, असं पुढं सगळे म्हणत. गिरणीत धाग्याबरोबर त्याचाही पीळ उतरायचा आणि घरी येऊन तो आईवर हात टाकायचा. आई भिंतीशी उभी असायची. बापाचा खांदा हलला की ती पडायची. हात पोचायच्या आधी. बोटं गालाला नुसती घासून जायची, आणि आई एवढा आवाज करून जमिनीवर यायची की खालच्या मजल्यावरचे लोक छताला काठी मारायचे. बापाला वाटायचं, आपल्या हातात केवढा जोर! तो खूश होऊन झोपायचा. एकदा बाप गेल्यावर आईनं कांताला भिंतीशी उभं केलं. "मार बसायच्या आदी पडाचा गो चेडवा," ती म्हणाली, "मगे लागणा नाय. हाताकडे बघू नको, खांद्याकडे बघ. आणि डोक्या राख. बाकीचा अंग जमिनीक देऊन टाक." मायलेकी दुपारभर पडत राहिल्या. आधी गुडघा, मग मांडी, मग खांदा, शेवटी तळवा जोरानं आपटायचा, आवाजासाठी. एका क्षणी आईला हसू फुटलं. जमिनीवर पडल्यापडल्या तोंडात पदर कोंबून ती हसत होती. कांतानं पुढं हजारो माणसांना हसताना ऐकलं, पण तसं हसणं नाही. आई पुढं प्लेगच्या टोचणीला भिऊन घरातच तापानं गेली. फोटो नाही, काही नाही. तिनं मागं ठेवलेली वस्तू म्हणजे ते पडणं. आणि ते आता रविवारच्या अंकात कुशाबाच्या नावावर चढलं होतं.

कुशाबा घाटावरचा. तमाशात सोंगाड्याचं काम करायचा, तिथून मूकपटात आला. बारीक, लांब हातांचा, भुवया मधोमध जुळलेल्या. कांता सोळा-सतराची होती, एक्स्ट्रा म्हणून बायकांच्या घोळक्यात उभी होती. उन्हात कापडी पडदे ताणून शूटिंग चाललं होतं. मोलकरणीचं काम करणारी बाई कुशाबाची चपराक खाऊन रडायला लागली. खरंच लागली होती तिला. डायरेक्टर म्हणाला, कोण खाईल? कांता पुढं झाली. कुशाबाचा खांदा हलला आणि ती पडली. कॅमेऱ्याचं हँडल फिरवणारा माणूस हसला आणि हँडल अडखळलं म्हणून त्यानं शिव्या खाल्ल्या. कुशाबा आपल्या तळहाताकडे बघत होता. त्या दिवसापासून तिनं त्याच्या किती चपराका खाल्ल्या, म्हणजे खाल्ल्याच नाहीत, त्याला हिशेब नाही. त्याचा हात तिला कधी नीट लागलाच नव्हता, आणि त्याला ते कधी कळलं नव्हतं. बापासारखाच तो. पोस्टरवर त्याचं चित्र आलं. मग बोलपट आले. तिचं बोलणं ऐकून डायरेक्टरनं कानावर हात ठेवले. "हे मालवणी कोण ऐकणार? हिला बोलायला देऊ नका, पडू दे." सगळी बोलत होती, गात होती, आणि ती एकटी मुकी पडत होती. पडायला भाषा लागत नाही. शेवटी एका जिन्यावरून, जो पक्का बांधायचा तो कच्चा बांधला होता, ती खरीखुरी पडली आणि खुबा दुखावला. कुशाबा इस्पितळात मोसंबी घेऊन आला होता. मोसंबी आंबट होती. तो बोलला ते असं, "तू नसलीस तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

शनिवारी पुन्हा पाळी नव्हती, तेव्हा ती दादरला गेली. त्याचं घर शोधायला वेळ लागला नाही, पानवाल्यानंच दाखवलं. दुसरा मजला, दारावर नावाची पाटी. दार त्याच्या बायकोनं उघडलं. सुभद्रावहिनींना तिनं लग्नात पाहिलं होतं, तेव्हा त्या खाली मान घालून होत्या आणि अजूनही त्यांची मान तशीच होती. त्यांनी तिला ओळखलं आणि "अगंबाई" एवढंच म्हणाल्या. कुशाबा खुर्चीत बसला होता. हात अजून लांब होते, पण आता ते त्याला जड झाले असावेत, कारण मांडीवर ठेवलेले होते, दुसऱ्याचे सांभाळायला दिल्यासारखे. तिला पाहून तो दचकला नाही. "ये," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं? भूत येईल म्हणून?"

"बस की. तुझी वहिनी चहा टाकेल."

"तुला ठाऊक होतं मी जिवंत आहे ते?"

"होतं."

"मग?"

त्यानं भुवया वर केल्या. ह्याच भुवयांवर पिटातली माणसं लोळायची. "जिवंत माणसाबद्दल चांगलं लिहायला हात धजत नाही गं. तू जिवंत आहेस म्हणून लिहायला बसलो तर मला तुझं काय काय आठवायला लागलं. तुझं ते तोंड. मला बघून तू जे तोंड करायचीस. मेली म्हटल्यावर सगळं कसं मोकळं झालं. चांगलं लिहिलंय की नाही? सांग. लोकांची पत्रं आलीत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस तिला कधी आवडला नव्हता. पण त्याचा तिरस्कार करायचीसुद्धा एक सवय असते, आणि इतक्या वर्षांत ती सवय वापराविना गंजली होती. आता ती पुन्हा सहज हलू लागली. त्याच्या खुर्चीवरची विणलेली जाळी, भिंतीवर हाराखालचा त्याचाच फोटो, जिवंत असून हार, खिशातलं पेन. लेखक झाला होता सोंगाड्या. "उद्या लिहून देतो," तो म्हणाला. "कांताबाई हयात आहेत, चूक झाली, क्षमस्व. झालं?"

"ते नको," ती म्हणाली. "मेले तर मेले. मला पडायला तू शिकवलं नाहीस, तेवढं लिही."

सुभद्रावहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"माझ्या आयेनं शिकवलं. जाईबाई तिचं नाव. ते लिही."

"हे बघ कांता," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा खाली आला, "तुला जिवंत करतो. पाहिजे तर फोटो छापायला सांगतो. पण ते एक राहू दे. लोक मला कशासाठी ओळखतात? ह्या हातासाठी. हात मारायचा आणि समोरचं माणूस कोसळायचं. ते माझं नाही असं मीच लिहू? मग मी केलं काय इतकी वर्षं? हवेत हात फिरवला?"

"होय," कांता म्हणाली. "हवेतच."

तिला वाटलं होतं हे म्हणताना बरं वाटेल. वाटलंही, पण आंबट मोसंब्यासारखं. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याला ते खरंच माहीत नव्हतं, आत्ता ह्या क्षणापर्यंत. त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत होतं. मग त्यानं ते परतवून लावलं. "काहीतरी बोलू नकोस. तुझा गाल लाल व्हायचा. मी पाहिलाय."

"मारणाऱ्याला तेवढंच दिसतं. ऊठ. मार."

"वेडी आहेस का? ह्या वयात?"

"मार म्हणते ना!"

तो उठला. का उठला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. लांब हात वर गेला, आणि कांतानं त्याच्या हाताकडे पाहिलं नाही. खांदा हलला. गुडघा, मांडी, खांदा, आणि तळवा फरशीवर फाडकन वाजला. हात तिच्यापासून वीतभर अंतरावर हवेत होता. खुबा पेटल्यासारखा दुखला. ती उताणी पडली होती, नऊवारीचा काष्टा जागच्या जागी, आणि वर कुशाबा आपल्या तळहाताकडे बघत उभा होता, त्या पहिल्या दिवसासारखा, फक्त आता त्याचे ओठ हलत होते. दारात सुभद्रावहिनींच्या हातातली कपबशी किणकिणली. त्या हसत होत्या. आवाज न करता, मान खाली घालून, खांदे हलवत. इतकी वर्षं त्यांनी काय काय गिळलं होतं कोण जाणे.

"ऊठ आता," कुशाबा म्हणाला.

"नाही उठत. आधी लिही."

"ऊठ गं. कुणी येईल."

आलेच. दार लोटलेलंच होतं. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या वॉर्डातले दोघे गृहस्थ, एक वकील, एक गिरणी युनियनचा. गोळीबारात गेलेल्यांच्या घरच्यांसाठी कार्यक्रम ठरत होता आणि कुशाबांनी त्यात यावं म्हणून विनंती करायला आले होते. जमिनीवर आडवी बाई पाहून वकील थबकला. "काय झालं?"

"काही नाही," कुशाबा घाईनं म्हणाला. "आमच्याकडे कामाला असते. चक्कर आली."

मोलकरीण. पडद्यावर जन्मभर त्याची मोलकरीण. कांतानं छताकडे पाहिलं. तिच्यात राग उसळला नाही. जे होतं ते थंड, स्वच्छ, एखाद्या धुतलेल्या ताटासारखं होतं. ह्या माणसाला ह्याहून वेगळं काही सुचणारच नाही. तेवढ्यात दारातून सुभद्रावहिनी म्हणाल्या, "कामाला नाहीत. कांताबाई आहेत त्या. रविवारच्या लेखातल्या." त्यांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदा पाहुण्यांसमोर नवऱ्याचं बोलणं खोडलं होतं, आणि खोडून त्या लगेच कप ठेवायला जागा शोधू लागल्या.

"त्या तर वारल्या ना?" युनियनवाला म्हणाला.

वकिलानं कुशाबाकडे पाहिलं, कांताकडे पाहिलं, आणि तो हसत सुटला. "वा कुशाबा, वा! आठवड्याभरात मेलेली बाई घरात पाडून ठेवलीत! काय म्हणावं तुम्हाला! अहो, कार्यक्रमात हेच करा." दुसराही हसला, आधी नाखुशीनं, मग मनापासून. त्याचे डोळे सुजलेले होते. पंधरवड्यात तो हसला नसावा. आणि कांतानं खालून पाहिलं की कुशाबाचा चेहरा बदलला. तो हसू घेत होता. मान किंचित तिरकी, एक भुवई वर, दोन्ही तळवे समोर. आतून कुणी चतकोर टाकावा आणि दारातल्यानं तो झेलावा, तसं. हा भिकारी आहे, तिला वाटलं. मी ह्याचा एवढा दुस्वास केला आणि हा नुसता भिकारी आहे.

"दादा," ती पडल्यापडल्या वकिलाला म्हणाली, "हे म्हणतात पडायला ह्यांनी शिकवलं मला. एकदा पडून दाखवा म्हणावं."

"हो हो, दाखवाच कुशाबा!" वकील म्हणाला. "होऊन जाऊ दे!"

कुशाबा म्हणाला, गुडघे. कुशाबा म्हणाला, वय झालं. पण ते दोघे त्याच्याकडे बघत होते, चेहऱ्यावर हसू तयार ठेवून, आणि समोर बघत असलेल्या माणसांना नाही म्हणणं त्याला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. त्यानं धोतराचा सोगा खोचला. सुभद्रावहिनी म्हणाल्या, "अहो, नको." त्यानं कुणीतरी चपराक मारल्यासारखी मान फिरवली आणि पाय सोडून दिले. कांतानं त्याच्या खांद्याकडे बघितलं आणि तिला एका क्षणात दिसलं की हा सगळाच्या सगळा मागं येतोय, तोडलेल्या झाडासारखा, गुडघा नाही, मांडी नाही, डोकं आधी. तिनं विचार केला नाही. केला असता तर कदाचित पडू दिलं असतं. कुशीवर वळून तिनं हात लांबवला, आणि त्याचं डोकं फरशीवर यायच्या जागी तिचा पंजा होता. बोटं चेचली. कसलासा ओला, बारीक आवाज झाला.

कुणी हसलं नाही. वकील "अरे, अरे" करत पुढं झाला, युनियनवाला खाली बसला, सुभद्रावहिनींच्या हातातला कप पडला. कुशाबा तिच्याशेजारी उताणा पडला होता, डोळे छताला, धोतर विस्कटलेलं, बारीक पोटऱ्या उघड्या. त्याचा श्वास वर अडकला होता. तो सुटला तेव्हा त्यानं मान थोडी तिच्याकडे वळवली. तिच्या हातात केसांचा तेलकटपणा आणि डोक्याचं वजन होतं. इतक्या वर्षांत त्याचा हात तिला लागला नव्हता, पण त्याचं डोकं एवढं हलकं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"जमलं का गं?" त्यानं विचारलं. फक्त तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

बोटांतून कळ दंडापर्यंत चढत होती. वरून तीन चेहरे वाकले होते.

"नाही," कांता म्हणाली. आणि त्याला उचलायला माणसं नीट वाकेपर्यंत तिनं हात काढला नाही.